निवट्या जिथवर आल्या

निवट्या आमच्या परसात पहिल्यांदा आल्या तेव्हा घरात घट बसलेले होते, म्हणून त्या वाचल्या. एरवी आल्या असत्या तर दुपारपर्यंत चिंच-लसणीच्या कालवणात गेल्या असत्या. मी काही फार दयाळू बाई नाही. आमच्या तिवरखार गावात माझ्या हातच्या निवट्यांचं नाव आहे; पेणपासून अलिबागपर्यंत जेवणाच्या ऑर्डरी येतात आणि वर्षभर माझी चूल मासळीशिवाय पेटत नाही. फक्त नवरात्राचे नऊ दिवस घरात मासळी येत नाही, ऑर्डरी बंद, आणि परसातला मासळी धुवायचा दगड कोरडा. हा नियम माझ्या सासूबाईंचा. त्या गेल्या, नियम राहिला.

तिसरी माळ होती. सकाळी झेंडू तोडायला मागचं दार उघडलं तर त्या दगडावर दोन निवट्या बसलेल्या.

बसलेल्या म्हणजे खरोखरच बसलेल्या. बोटभर जाडीची, वीतभर लांबीची, चिखलाच्या रंगाची मासळी. अंगावर निळे ठिपके आणि डोळे थेट डोक्यावर, टोपी घातल्यासारखे. एक निवटी पुढच्या दोन पंखांवर रेटा देत पुढे सरकली आणि दगडावर तोंड टेकवून डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवू लागली. फरशी पुसावी तसं. पुसून झालं की थोडी पुढे, पुन्हा पुसणं. मध्येच दगडाच्या कडेला ओल होती तिथे ती एका कुशीवर लोळली, पाठ ओली करून घेतली आणि परत कामाला लागली.

मी हातात परडी घेऊन तशीच उभी राहिले. जन्मभर निवट्या सोलल्या, पण त्या जेवताना कधी पाहिल्या नव्हत्या. थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडे डोळे वळवले, ते खोबणीत आत ओढून पुन्हा बाहेर काढले, आणि टुणटुण उड्या मारत घराच्या बाजूनं खळ्याकडे निघून गेल्या.

मग मला भीती वाटली.

कारण खाडी आमच्या परसापासून लांब आहे. आधी खाडी, मग बाहेरचा बांध, मग आमची भातशेती, मग खळं, मग घर, आणि घराच्या पाठीमागे परस. परसाच्या कुंपणापलीकडे गाव सुरू होतं. म्हणजे या बायका सगळं शेत ओलांडून, खळं ओलांडून, माझ्या घराला वळसा घालून जेवायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चार आल्या. मी परेशला काही बोलले नाही. नवऱ्यापासून मी गोष्टी लपवत नाही, फार तर उशिरा सांगते.

ज्यांना आमच्याकडचा कायदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. समुद्र वर सरकू लागला तशी किनाऱ्यावर हद्दीची भांडणं वाढली. नकाशावर रेघ ओढेपर्यंत पाणी तिच्यापुढे गेलेलं असायचं. मातीतलं मीठ मोजून पाहिलं, पण मिठाचा भरवसा नाही. आज वर येतं, उद्या पाऊस धुऊन नेतो. शेवटी ठरलं की रेघ जिवांना विचारून काढायची. खाऱ्या पाण्याचे जीव जिथवर रोज पोटासाठी येतात तिथवर समुद्र मुक्कामाला आलेला आहे असं धरायचं. तिला म्हणतात जिवंत रेषा.

ती काढणारं यंत्र लाकडी चाटूसारखं दिसतं, म्हणून गावानं त्याचं नाव चाटू ठेवलं. काम सोपं आहे. कुठलाही जीव जिथे जातो तिथे स्वतःचं काहीतरी सांडत जातो. कातडीवरचा बुळबुळीतपणा, खवल्याचा कण, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्याचा डीएनए असतो. चाटू चिखलात टेकवला की तो चिमूटभर चिखल आत घेतो, त्यातला डीएनए वाचतो आणि इथे कोण कोण येऊन गेलं ते सांगतो. रेषा ठरली की तिच्या खाडीकडच्या बाजूला नवं घर नाही आणि जुना बांध दुरुस्त करायचा नाही. तिथल्या लोकांना वर माळावर जागा मिळते आणि रेषेवर नवा बांध उभा राहतो.

चाटू गावात पहिल्यांदा आला तेव्हा मोठी मजा झाली. त्यानं अख्खं तिवरखार समुद्रात टाकलं. बाहेरची शेतं सोडाच, गावाच्या वरच्या अंगाची घरंसुद्धा समुद्रात, पोस्टाच्या मागची जागा समुद्रात. सरपंचीणबाई घाबरून माहेरी जायला निघाल्या. यंत्र बनवणारी माणसं हुशारच होती, फक्त त्यांच्या घरी परसात कुणी मासळी धूत नसावं. आमच्याकडे प्रत्येक दारामागे निवट्यांचं, बोंबलांचं, कोळंबीचं पाणी ओतलेलं असतं. चाटूला वाटलं, सगळे मासे स्वतःच्या पायांनी आले.

ही चूक पकडली माझ्या नणंदेनं. भाविका समुद्रजीव शिकली आणि याच मोजणीच्या खात्यात लागली. तिनं सांगितलं की मेलेल्या मासळीचा डीएनए महिनोन्महिने टिकतो, तेव्हा त्याऐवजी आरएनए बघा. तो दोन-तीन दिवसांत नासतो, म्हणजे तो सापडला तर मासा नुकताच इथे होता. चाटू सुधारला. तरी एक अडचण उरलीच. काल जिवंत आणून धुतलेली निवटी आणि काल चालत आलेली निवटी, दोघींची खूण सारखीच ताजी. मग नियम झाला: घराच्या परसात खूण मिळाली तर घरात विचारायचं. गेल्या दोन-तीन दिवसांत इथे मासळी धुतली का? घरातलं माणूस हो म्हणालं की ती खूण बाद. एवढं शिकलेलं यंत्र शेवटी स्वयंपाकघराला विचारणार, याचं मला तेव्हा फार हसू आलं होतं.

सहाव्या माळेला भाविका आली. माहेरवाशीण म्हणून आली आणि चाटू घेऊनही आली, कारण शेवटची मोजणी तिच्याकडेच होती. तिचं लग्नानंतरचं आडनाव वेगळं, त्यामुळे कोण कुणाची नणंद हे खात्याला ठाऊक नव्हतं, आणि आम्ही काही सांगायला गेलो नव्हतो.

तिनं पाय धुतले, घटाला फुलं वाहिली आणि तिथेच थांबली.

"वहिनी, रुजवण?"

दरवर्षी मी घटाखाली परसातली माती घालते, तिच्यात सात धान्यं पेरते. सहाव्या माळेपर्यंत हिरवी झालर उभी राहते. यंदा दाणे फुगले आणि तसेच बसून राहिले. दोन-चार कोंब आले होते, तेही टोकाला पिवळे.

"बियाणं जुनं असेल," मी म्हटलं.

परेश दारात उभा होता. माझा नवरा बोलायला कमी आणि बघायला फार. तो घटाकडे बघत चहा पीत राहिला.

दुपारी जेवून आम्ही तिघं पुढच्या ओट्यावर बसलो. बाहेरचा बांध आता फार दिवस टिकत नाही हे परेशला माहीत होतं; गेल्या दोन उधाणांत त्याला खांडी पडल्या होत्या. खांड म्हणजे बांध फुटून पडलेली वाट. त्या बुजवायला जोळ जाते. जोळ म्हणजे घरटी एक माणूस. बांधाला चिखल चढवायचा, खांड बुजवायची, आणि उधाणाच्या भरतीला बांधावर उभं राहून राखण करायची. आमच्या घरातून परेश जातो. लग्न झालं तेव्हापासून प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेला तो बांधावर आणि माझा जीव टांगणीला, हे आमच्या संसाराचं वेळापत्रक आहे.

"भाविके," परेश म्हणाला, "चिखलात निवटी फिरते ते मना ठाव हाय. पन शेतात कनाला येल ती? सुक्यात मरंल नाय का?"

"नाय मरत. कल्ल्यांच्या पिशवीत घोटभर पानी भरून घेते. कातडीनं पन श्वास घेते, कातडी ओली आसली का झालं. तेच तोंडातलं पानी जिभेसारखं वापरते, खानं वर उचलायला." भाविका रंगात आली. ती लहानपणीही अशीच, विचारलं एक की सांगणार चार. "पण दादा, ती उगीच येत नाही. तिला खायला लागतो तो तपकिरी थर. शेवाळापेक्षा बारीक जीव असतात ते. ते खाऱ्या ओलीवरच वाढतात, आणि वाढायला आठवडे लागतात."

"मग ती ओल शेतात आली कुठून? भरती तं बांधाच्या बाहेर."

भाविका आत गेली, एका काचेच्या ग्लासात मिठाचं दाट पाणी करून त्यात चिमूटभर हळद टाकून आणली. मग त्यावर चमच्यानं हळूहळू साधं पाणी सोडलं. खाली पिवळं, वर पांढरं, मध्ये स्वच्छ रेघ.

"हे आपलं शेत. वर पावसाचं गोडं पानी, हलकं. खाली समुद्राचं, जड. समुद्र जसा वाढतो तसं खालचं पानी आत सरकतं, बांधाच्या खालून, कुनाला न दिसता. बांध काय करील? तो वरून अडवतो." तिनं ग्लासात आणखी थोडं मिठाचं पाणी ओतलं, ते खाली गेलं आणि रेघ वर चढली. "ही रेघ जमिनीच्या वरच्या थराला टेकली का जमीन आतून घामेजते. त्या घामावर थर वाढतो आणि थर खायला निवटी येते. ती आली म्हणजे खाली समुद्र आला."

मी विचारलं, "मग रेषेवर बांधायचा तो नवा बांध? त्याच्याखालून नाय जानार पानी?"

"म्हणून तर रेषा नीट काढायची. खार मुरलेली माती आतून सुटते, वहिनी. तिच्यावर बांध घातला तर वरून कसा भक्कम दिसतो. पण उधाणाचं वजन आलं का लाट लागायच्या आधी तळ सरकतो. उभ्या माणसाला कळत पन नाय." ती ग्लास हलवत म्हणाली आणि उरलेलं पाणी तुळशीपासून लांब फेकून आली.

हे सगळं मी ऐकलं. पण ऐकणं वेगळं आणि अंगाला लागणं वेगळं. माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं: परसातला दगड, आणि दगडाला टेकून असलेलं माझं स्वयंपाकघर. बावीस वर्षांपूर्वी मी या घरात आले तेव्हा चूल अंधारात होती. मी भिंत पाडून खिडकी काढली, ओटा बांधून घेतला, शेगड्यांची जागा माझ्या उंचीनं ठरवली. माळावर सरकार जागा देईल, घर देईल, पण ते घर माझी उंची कुठून ओळखणार?

उन्हं उतरल्यावर आम्ही मोजायला निघालो. भाविका चाटू टेकवत पुढे, परेश नारिंगी झेंडे घेऊन तिच्यामागे, मी त्यांच्यामागे. शेतात प्रत्येक ठिकाणी निवटी, प्रत्येक ठिकाणी ताजी. खालच्या तुकड्यात तर चाटूची गरजच नव्हती. भाताच्या रोपांत निवट्या गुरांसारख्या चरत होत्या. परेश बांधावर थांबला, एक रोप उपटून मुळं बघितली आणि परत जागेवर लावलं.

"गेलं," तो म्हणाला. "लय वर्सं दिलं."

एवढंच. मला त्याच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला. बहिणीसमोर तो सहसा लाजतो, त्या दिवशी लाजला नाही.

खळ्यातही खूण मिळाली. खळं घराच्या दारासमोरच. तिथे झेंडा लागला. मग घराच्या दोन्ही बाजूंना जमीन उंच आणि टणक, तिथे चाटूला घ्यायला चिखलच नाही. पुढे परस. भाविकानं मागच्या दाराशी चाटू टेकवला आणि आकड्यांकडे बघत राहिली.

"निवटी. ताजी." तिनं मासळीच्या दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज एकदम सरकारी केला. "वहिनी, नियमानं विचारावं लागतं. गेल्या दोन-तीन दिवसांत इथे मासळी धुतली का?"

मागचं दार उघडं होतं. आतून घटाजवळच्या उदबत्तीचा वास येत होता. नवरात्राची सहावी माळ. अशा दिवशी या घरात निवटी माझ्या सासूबाईंच्या भुतानंही धुतली नसती.

"हो," मी म्हटलं. "परवाच धुतल्या. मोठी ऑर्डर होती."

शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं की मी काय बोलले. खात्याचा अलिबागचा साहेब असता तर त्यानं लिहून घेतलं असतं आणि निघून गेला असता. पण समोर उभी होती ती याच घरात वाढलेली, नऊ दिवस वरण-भातावर काढलेली मुलगी. तिच्याशेजारी होता तिचा भाऊ, ज्यानं आज दुपारीही माझ्याच हातचं वालाचं बिरडं खाल्लं होतं.

भाविकानं यंत्रावर बोट टेकवलं.

"खूण बाद," ती म्हणाली. "शेवटचा झेंडा खळ्यातला."

ती चाटू पुसायला नळाकडे गेली. परेश उरलेले झेंडे गुंडाळत राहिला, आणि ते गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही.

घर वाचलं होतं. मी चहा टाकला, त्यात साखर दोनदा घातली.

भाविका स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली. मी तिच्याकडे पाठ करूनच विचारलं, "तुझ्या लक्षात आलं ना?"

"मला काय समजत नाय का, वहिनी?" ती हळू आवाजात म्हणाली. "पण हे आईचं घर हाय. मी इथं जन्मले. तू नाय म्हणाली असतीस तर मलाच झेंडा लावावा लागला असता. तू हो म्हणालीस, मला बरं वाटलं." मग तिनं डोळे पुसले. "मला बरं वाटायला नको होतं."

ती चहा न घेताच बाहेर गेली.

बाहेर पुढच्या ओट्यावर परेश एकटा बसला होता. मी कप त्याच्या हातात दिला. तो खळ्याकडे बघत होता, जिथे झेंडा फडफडत होता.

"आता बांध आपल्या दारात येल," तो म्हणाला. "दिवाळीनंतर काम सुरू. चांगलं झालं. राखनीला लांब जाया नको. उधाण आलं का उशी-चादर घेऊन दारातल्या दारात. तू ओट्यावरून हाक मार, मी बांधावरून देईन."

तो मला हसवत होता. मी हसलेही. आणि मग दुपारचा तो ग्लास माझ्या डोळ्यांसमोर आला, वर चढत जाणारी पिवळी रेघ.

खळ्यात झेंडा म्हणजे खळ्यात बांध. बांध खळ्यात म्हणजे त्याचा तळ खार मुरलेल्या मातीवर, कारण निवट्या खळ्याच्याही मागे, घराच्याही मागे, माझ्या दगडापर्यंत येत होत्या. आणि त्या बांधावर पहिल्या मोठ्या उधाणाला आमच्या घरातून एक माणूस उभा राहणार होता. उभ्या माणसाला कळत पन नाय, भाविका म्हणाली होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय?"

"परसातलं."

त्यानं कप खाली ठेवला. "घटाची माती तोंडात घालून बघितली. खारट लागली. देवीच्या मातीला जीभ लावली म्हणून हात पन जोडले."

"मग तिथे बोलला का नाहीस?"

"तुझं सैपाकघर हाय. तू बोललीस. तुझ्या शब्दाच्या वर मी काय बोलू?"

"आणि त्या बांधावर उभं कोण राहील?"

"मीच की," परेश म्हणाला. त्याला प्रश्न कळलाच नाही. म्हणजे कळला, पण त्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. जोळीला माणूस लागतो, आमच्या घरातून तो जातो, बांध कुठेही असला तरी.

मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. या माणसानं माझ्या खिडकीसाठी, माझ्या ओट्यासाठी स्वतःचे पाय गाळात ठेवायची तयारी केली होती आणि वर उशी-चादरीचा विनोद करत होता. मी त्याला म्हटलं, "तू मूर्ख आहेस." तो म्हणाला, "हाय." मी आत गेले, दार लावलं आणि भरपूर रडले. रडताना मला हेही कळलं की राग त्याचा नव्हता. गेले तीन-चार दिवस त्या मासळीकडे बघून मी मनात एकच हिशेब करत होते, घर राहील की जाईल. त्या हिशेबात मी परेशला धरलंच नव्हतं, जसा काही तो भिंतीसारखा घराबरोबर आपोआप राहणारच होता.

रात्री तिघंही लवकर झोपलो. निदान झोपलो असं एकमेकांना दाखवलं.

सातव्या माळेच्या सकाळी जोळीची माणसं दोरी लावायला येणार होती, आणि उन्हं वर आली की ड्रोन येऊन झेंड्यांचे फोटो काढणार होता. फोटो निघाला की रेषा पक्की. परेश ओट्यावर चहा घेत होता. मी त्याच्या समोरून खळ्यात उतरले आणि झेंडा उपटला.

"काय करतेस?" त्यानं विचारलं.

बोलले असते तर मीच तो परत रोवला असता. झेंड्याच्या काठीला चिखल लागला होता. घराला वळसा घालून जाता आलं असतं, पण माझे पाय सरळ पायरीवर चढले. ओट्यावरून पडवीत आले, पडवीतून माजघरात, घटासमोरून, तिथून माझ्या स्वयंपाकघरात. सकाळचं ऊन खिडकीतून ओट्यावर पडलं होतं. तिथे एक क्षण थांबले. खोटं कशाला बोलू, चांगला वेळ थांबले. मग मागचं दार उघडलं.

भाविका परसात दात घासत होती. दगडावर पाच-सहा निवट्या होत्या आणि दगडाच्या पलीकडे, केळीच्या बुंध्याशी, आणखी दोन. त्यांनी मला पाहून डोळे आत घेतले, बाहेर काढले आणि पुसणं चालू ठेवलं. मी त्यांच्यामधून जपून पाय टाकत पुढे गेले. जमिनीवर तो तपकिरी थर होता. इतके दिवस मी त्याला पावसाची ओल समजत होते आणि दोनदा त्यावरून घसरलेही होते. कुंपणापाशी तो संपला. पुढे माती कोरडी, भुरी, गवताची. मी तिथे झेंडा रोवला.

"लिही," मी भाविकाला म्हटलं. "काल चुकीचं सांगितलं. मासळी धुतली नाही. घट बसले तेव्हापासून घरात मासळी नाही. या चालत आल्या, आणि इथवर आल्या."

तिच्या तोंडात पेस्ट होती. तिनं नुसती मान हलवली. ती तशीच रडायला लागली, ब्रश हातात धरून, लहानपणी रडायची तशी.

परेश मागच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं दगडाकडे पाहिलं, निवट्यांकडे पाहिलं, मग झेंड्याकडे. माझ्या हाताला सवय नाही, काठी वाकडी बसली होती. तो आला, काठी सरळ केली आणि बुंध्याभोवतीची माती टाचेनं दाबून घट्ट केली. बांधावर माती दाबतात तशी.

"मी तुना बोलनार नव्हतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर."

तेवढ्यात समोरून आवाज आले. जोळीचे नामदेवकाका दोरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून घराला वळसा घालत परसात आले, मागून आणखी चौघं-पाचजण.

"खळ्यातला झेंडा कुठं ग्येला, दर्शना? आमी शोधतंय..." त्यांना झेंडा दिसला. मग दगडावरच्या निवट्या दिसल्या. काकांचं सगळं आयुष्य बांधावर गेलेलं, त्यांना समजवायची गरज नव्हती. तरी त्यांनी विचारलं, कारण कुणीतरी तोंडानं म्हणावं लागतं. "म्हंजी तुमचं घर...?"

"समुद्रात," मी म्हटलं.

काकांनी भेंडोळं उतरवलं, दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन शेजारच्या कुंपणाकडे चालू लागले. दोरी जमिनीवरून सरकत उचलली गेली आणि ताठ झाली. मी तिच्या अलीकडे उभी होते, परेश माझ्याशेजारी उभा होता, आणि आमचं घर पलीकडे होतं.